शेरी, स्पेन आणि जुन्नरचा मांडव

आमच्या भाषेंत ‘शेरी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. सरकारनें किंवा इनामदारानें स्वतःच्या वहिवाटीसाठीं राखून ठेविलेली जमीन ती शेरी. हा अर्थ जुना, दप्तरांतला व शेतकऱ्यांच्या तोंडचा. दुसरी शेरी इंग्रजी पलटणींच्या मागोमाग आली. साहेबाच्या मेजावरील ब्रँडी, शांपेन, पोर्ट या मंडळींत ती बसे, आणि म्हणून ती इंग्रजच असावी अशी आपल्याकडे समजूत होऊन बसली. वस्तुतः तें स्पेन देशाच्या दक्षिण टोंकाजवळील हेरेस या गांवाचें नांव आहे. अरबांच्या अमलांत त्या गांवास ‘शरीश’ म्हणत. इंग्रज व्यापाऱ्यांनीं त्याचें ‘शेरिस’ केलें आणि शेवटचा ‘स’ हा अनेकवचनाचा प्रत्यय असावा अशा गैरसमजानें तोहि पुढें गाळून टाकला. उरली ती शेरी.

तात्पर्य, स्पेनचें पांढरें मद्य महाराष्ट्राच्या दाराशीं प्रथम आलें तें नांव बदलून, आणि रंगहि बदलून. कारण हेरेस येथील द्राक्ष पांढरें असलें व त्याचा ताजा रस गव्हाच्या काडाप्रमाणें फिक्कट पिवळा असला, तरी इंग्रज गिऱ्हाइकांसाठीं जी शेरी पिंपांत भरली जाई ती पुष्कळदां गोड केलेली व तपकिरी असे. ज्यानें ती पाहिली त्यास ही पांढऱ्या द्राक्षाची वाइन आहे असें सांगूनहि पटलें नसतें. दीडशें वर्षें आपण स्पेनला ओळखत होतों आणि ओळखत नव्हतों.

हा विषय आम्ही हातीं घेतला याचें कारण जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत आहे. त्या मुलुखाचा परदेशच्या मद्याशीं आलेला संबंध फार जुना, आणि त्या मुलुखानें स्वतः पांढरें मद्य करून परदेशीं धाडण्याचा जो एक प्रयत्न केला तो फार अलीकडचा. मद्याचा इतिहास लिहिणारा मद्याची तरफदारी करतो असें समजणारे वाचक असतील तर त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, येथें प्रश्न प्याल्याचा नसून मुख्यतः जमिनीचा व नांवाचा आहे.

जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत लहानमोठीं मिळून दोनशेंच्या आसपास खोदकामें आहेत. शिवनेरी, लेण्याद्रि, मानमोडी, तुळजा हे त्यांचे मुख्य गट. त्यांतील शिलालेखांत तीन दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. इरिल नांवाच्या एकानें पाण्याचीं दोन टांकीं खोदविलीं, चिट नांवाच्या दुसऱ्यानें संघासाठीं भोजनमंडप दिला, आणि चंद या तिसऱ्यानें गर्भद्वार. पहिल्या दोघांच्या नांवांपुढें ‘गतानं’ असा शब्द येतो. तो गॉथ या जर्मन टोळीचा वाचक आहे असा तर्क एका युरोपीय पंडितानें केला होता. तो आम्हांस ओढाताणीचा वाटतो. हे लोक कोठले होते, ग्रीक कीं पश्चिमेकडील आणखी कोणी, हें लेख सांगत नाहींत. मात्र ते येथें व्यापारानिमित्त होते असें मानण्यास जागा आहे, कारण कोंकणांतील बंदरांकडून देशावर चढणारी मोठी वाट नाणेघाटांतून थेट जुन्नरास येते. राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख त्याच घाटांत आहे, आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजणांत जकात टाकीत असत असें लोक अद्याप सांगतात.

या वाटेनें काय येत होतें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली आहे, तिच्यांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादींत मद्य आहे. इटलीच्या मद्यास मान अधिक, त्याखेरीज लाओदिकेया येथील व अरबस्तानचें. राजासाठीं वेगळा उंची माल येई, त्यांतहि उत्तम मद्याचा उल्लेख आहे. कल्याणचें बंदर त्या वेळीं राजकीय भांडणांत सांपडलें होतें व तेथें येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात असेंहि तो सांगतो. म्हणजे ज्या काळीं इरिल व चिट यांच्यासारखे लोक जुन्नरास होते, त्याच काळाच्या आगेंमागें भूमध्य समुद्राचें मद्य पश्चिम किनाऱ्यावर येत होतें.

येथें हात आखडता घेणें बरें. नेवासें, तेर इत्यादि ठिकाणच्या उत्खननांत दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे कुंभ सांपडले, आणि ते सगळे रोमन मद्याचे असें एके काळीं बेधडक लिहिलें जाई. पुढें बारकाईनें पाहतां पश्चिम हिंदुस्थानांत मिळालेल्या अशा खापरांपैकीं बरींचशीं आंतून डांबर लावलेल्या, इराणच्या आखाताकडील भांड्यांचीं असल्याचें दिसून आलें. स्पेनपुरतें बोलावयाचें तर पूर्व किनाऱ्यावरील अरिकमेडू येथें स्पेनमधील मत्स्यरसाचे कुंभ ओळखण्यांत आले आहेत. खारवलेल्या मासळीचा तो रस रोमन लोक जेवणांत चटणीप्रमाणें वापरीत. तेव्हां दोन हजार वर्षांपूर्वीं स्पेनची चटणी हिंदुस्थानांत आली होती, एवढें म्हणतां येतें. स्पेनचें मद्य जुन्नरच्या बाजारांत विकलें गेलें असें म्हणावयास आधार नाहीं आणि आम्ही तसें म्हणणार नाहीं, जरी म्हणावयास फार गोड वाटलें असतें तरी.

गोड वाटण्याचें कारण असें कीं, त्याच शतकांत स्पेन द्राक्षांनीं गजबजलेला होता. दक्षिण स्पेनांतून धान्य, तेल व मद्य यांची मोठी निर्यात होई असें स्त्राबो लिहितो. प्लिनीनें तारागोनाच्या मद्याची नजाकतीबद्दल वाखाणणी केली आहे. आणि द्राक्षाच्या लागवडीवर रोमन काळांतील सर्वांत तपशीलवार ग्रंथ ज्यानें लिहिला तो कोलुमेला मूळचा गादेस येथला, म्हणजे हेरेसच्या शेजारच्या काडिझचा. वेल किती अंतरावर लावावे, छाटणी केव्हां करावी, आधाराचे खांब कसे द्यावे, हें तो ज्या तन्मयतेनें सांगतो ती नारायणगांवच्या एखाद्या जुन्या बागाईतदारास लगेच ओळखूं येईल. जुन्नरच्या यवनांविषयीं आणखी एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्या भिक्षुसंघास त्यांनीं दान दिलें त्यास मद्य वर्ज्य होतें. व्यापार त्यांनीं कशाचाहि केला असो, दगडांत कोरून ठेविलें तें पाण्याचें दान.

मधला काळ आम्ही झपाट्यानें ओलांडतों. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हां तेथील द्राक्षें वर्षांतून दोनदां फळतात हें त्यास नवल वाटलें. त्या नवलाकडे पुढें यावयाचें आहे. इ.स. १४९० मध्यें मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली ती जुन्नर येथून. अहमदनगर त्यानंतर चार वर्षांनीं वसलें. त्याच्या मुलाच्या, बुऱ्हाण निजामशहाच्या, पदरीं गोव्याचा प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता येत असे. तो पोर्तुगालचा खरा, पण त्याचें वैद्यकाचें शिक्षण स्पेनमधील सालामांका व आल्काला येथें झालेलें. १५८० पासून १६४० पर्यंत तर पोर्तुगालचें सिंहासन स्पेनच्या राजाकडेच होतें, म्हणजे गोवा, वसई व चौल हीं ठाणीं त्या साठ वर्षांत स्पेनच्या छत्राखालीं होतीं. सत्ता आली तरी मद्याची ओळख तिच्याबरोबर येतेच असें नाहीं. गोव्यामुळें आपल्याकडे जें नांव रुळलें तें पोर्टचें, तांबड्या गोड वाइनचें; आणि अद्याप कित्येक घरांत वाइन म्हणजे तीच.

इ.स. १६७५ च्या सुमारास जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मुंबईहून जुन्नरास आला. जुन्नरच्या मोगल सुभेदारानें त्यास बोलावून घेतलें होतें. घाट चढून आल्यावर त्याच्या मार्गांत आंबेगांव लागलें. तें आंबेगांव आतां कोणास पाहतां यावयाचें नाहीं. घोड नदीवर डिंभें येथें जें धरण झालें त्याच्या जलाशयांत तें बुडालें. तालुक्यास नांव त्याचें राहिलें व कचेऱ्या घोडेगांवीं आहेत. डिंभें, येडगांव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगांव जोगे हीं पांच धरणें मिळून कुकडी प्रकल्प होतो. या दोन तालुक्यांतील द्राक्षाच्या बागा, ऊंस आणि टोमॅटो ज्या पाण्यावर उभे आहेत तें बहुतांशीं हें.

आतां पुन्हा शेरीकडे. ती कशी होते हें समजल्यावांचून स्पेनचा स्वभाव कळत नाहीं. हेरेसची जमीन खडूसारखी पांढरी आहे. हिवाळ्यांतला पाऊस ती पोटांत धरून ठेविते व कोरड्या उन्हाळ्यांत वेलास पाजते. त्या जमिनींतील पालोमिनो जातीचें द्राक्ष खावयास अगदीं बेचव. त्याचा रस आंबवून पिंपांत भरतात, पण पिंप पूर्ण भरीत नाहींत. थोडी जागा मोकळी ठेविली कीं वाइनवर किण्वाची एक पांढरी साय धरते. तिला ते लोक ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीवर असा पांढरा थर दिसला तर घरांतील वडील बाई कपाळास हात लावते. हेरेसचा मनुष्य मात्र त्याची वाट पाहतो, कारण त्या सायीखालीं वाइनला वारा लागत नाहीं आणि तिला बदामासारखा, किंचित् खारट असा वास येतो. पुढें पिंपांची उतरंड रचतात. सर्वांत खालच्या पिंपांतून थोडी काढावयाची, तेवढीच वरच्यांतून खालीं भरावयाची, आणि नवी घालावयाची ती सर्वांत वर. जुनें कधीं पूर्ण संपत नाहीं. कालच्या दह्याचें विरजण आजच्या दुधास लावणाऱ्या घरांस ही युक्ति निराळी समजावून सांगावयास नको.

अशी कोरडी, फिक्कट ‘फिनो’ शेरी आम्हीं प्रथम चाखली तेव्हां ‘शेरी’ या शब्दाविषयींच्या आमच्या सर्व कल्पना कोसळल्या. गोडीचा लवलेश नाहीं. पहिला घोट जिभेस जवळजवळ उद्धट वाटतो आणि दुसऱ्यास कांहींतरी तिखट-खारट तोंडीं लावावेंसें वाटतें. स्पेनमध्यें तिजबरोबर मासळी किंवा ऑलिव्ह खातात. आम्हांस मात्र जुन्नर-आंबेगांवकडील मासवडीची आठवण झाली. मासवडींत मासा नसतो, आकार तेवढा माशाचा, आंत तीळ-खोबऱ्याचें सारण आणि सोबत झणझणीत रस्सा. ही जोडी स्पेनच्या कोणा आचाऱ्यास सुचली नसेल. नंतर कांहीं दिवसांनीं उत्तरेकडील रुएदा येथील ‘वेर्देहो’ द्राक्षाची वाइन मिळाली. तिला ताज्या गवताचा वास व शेवटीं कडवटपणाची बारीक छटा होती. गालिथिया प्रांतांतील ‘आल्बारिन्यो’ त्याहून आंबट व निर्मळ. आयात वाइनवर आपल्या देशांत दीर्घकाळ शेंकडा १५० जकात असल्यामुळें अशा बाटल्या सामान्य माणसाच्या हातीं पडणें कठीणच; परगांवीं राहणाऱ्या आप्तेष्टांच्या सामानांतून बहुतेकांची ही ओळख होते.

आल्बारिन्योचा प्रांत अटलांटिक महासागराच्या कांठीं आहे. तेथें पाऊस फार. दमट हवेनें द्राक्षास रोग पडूं नये म्हणून तेथील शेतकरी दगडी खांबांवर मांडव घालून वेल उंच चढवितात व खालून वारा खेळूं देतात. त्या मांडवांचीं चित्रें पाहून आम्ही चकित झालों. खांब दगडाचे आहेत एवढें सोडलें तर बाग नारायणगांवची म्हणून खपली असती. भुरी आणि केवडा या रोगांची भीति दोन्हीकडे सारखीच. भेद आहे तो ऋतूंचा. स्पेनचा वेल हिवाळ्यांत झोंपतो, वर्षांतून एकदां छाटला जातो व भाद्रपद-आश्विनांत त्याचीं द्राक्षें खुडतात. आमच्या वेलास झोंप नाहीं. एप्रिलमध्यें खरड छाटणी करून काडी तयार करावयाची आणि ऑक्टोबरमध्यें फळछाटणी करून घड धरावयाचे, तेव्हां कोठें जानेवारी ते मार्चमध्यें माल हातीं येतो. एकदांच छाटून सोडलें तर वेल पावसाळ्यांत फळूं पाहील व सगळा बहर कुजेल. इब्न बतूतेस जें दोनदां फळण्याचें नवल वाटलें त्याच्या मुळाशीं हाच न झोंपणारा वेल आहे.

वेलास झोंप नसणें ही पांढऱ्या वाइनच्या दृष्टीनें मोठी अडचण. तिचा जीव आंबटपणांत असतो, आणि आमच्याकडे द्राक्ष पिकूं लागतें तेंच ऊन वाढत असतांना. साखर भराभर चढते व आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून मद्यासाठीं द्राक्ष थोडें आधीं, पहाटेच्या गारव्यांत खुडावें लागतें आणि रस थंड टांक्यांत आंबवावा लागतो. हें सर्व यंत्रानें साधूं शकतें. फक्त पैसा लागतो.

तो पैसा व तें साहस इ.स. १९८० नंतरच्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं नारायणगांवीं ओतलें. मीना नदीच्या कांठचें हें गांव तोंपर्यंत महाराष्ट्रास तमाशाच्या फडांमुळें व विठाबाईमुळें ठाऊक होतें. काळहि अनुकूल नव्हता. इ.स. १९०८ मध्यें पुण्यांत दारूच्या दुकानांवर निरोधन झालें, तेव्हांपासून मद्यनिषेध ही येथील सार्वजनिक जीवनांतील एक पवित्र गोष्ट होऊन बसली होती, ‘एकच प्याला’नें तिला रंगभूमीवर अश्रु दिले, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें तिला दंडशक्ति दिली. अशा प्रांतांत, पुणें-नाशिक रस्त्यावर, शार्दोने, पिनो न्वार, उन्यी ब्लां हे फ्रेंच वेल लावून, फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या घराण्याचें तांत्रिक साहाय्य घेऊन, बाटलींतच दुसऱ्यांदा आंबवून फेंस आणण्याच्या अस्सल पद्धतीनें पांढरी वाइन करावयाची व ती युरोपांत विकावयाची, हा बेत कोणीहि वेडगळ ठरविला असता. तो सिद्धीस गेला. जुन्नर तालुक्यांतील फेसाळ वाइन परदेशच्या दुकानांत विकली गेली आणि तेथील जाणकारांनीं तिची दखल घेतली. हें श्रेय लहान नाहीं.

पण तिचें नांव काय ठेविलें होतें? परदेशांत ‘ओमर खय्याम’, घरीं ‘मार्कीज द पाँपादूर’. एक इराणचा कवि, दुसरी फ्रेंच राजाची प्रेयसी. कंपनीच्या नांवांत ‘शॅम्पेन’ होतें, तेंहि फ्रान्सच्या एका प्रांताचें नांव. स्थिर पांढऱ्या वाइनना ‘रिव्हिएरा’ व ‘शांतिली’. या सर्व पसाऱ्यांत जुन्नर कोठेंच नव्हतें. शिवनेरी, नाणेघाट, कुकडी, मीना यांपैकीं एकाहि नांवास बाटलीवर जागा मिळाली नाहीं. परक्या गिऱ्हाइकाच्या जिभेस सोपें पडावें हा हेतु असेल. आम्हांस तो हेतु समजतो आणि तरीहि पटत नाहीं.

स्पेनचें उदाहरण येथें उपयोगी पडतें. कातालोनियांतील सान सादुर्नी या गांवीं इ.स. १८७२ मध्यें जुसेप राबेन्तोस यानें हीच फ्रेंच पद्धति आणून फेसाळ पांढरी वाइन केली. तीहि अनेक वर्षें उसनें फ्रेंच नांव लावूनच विकली जाई. पण द्राक्षें त्यांनीं आपल्याच मातींतलीं घेतलीं, माकाबेओ, शारेल्यो, पारेल्यादा, आणि इ.स. १९७० च्या सुमारास उसनें नांव टाकून ‘कावा’ म्हणजे तळघर हा आपलाच साधा शब्द पुढें केला. आज तो जगभर चालतो. हेरेसवाल्यांनीं तर नांवासाठीं इंग्लंडच्या न्यायालयांत झगडा केला. वाटेल त्या देशाची गोड वाइन ‘शेरी’ म्हणून विकली जात होती, इ.स. १९६७ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला कीं, नुसती ‘शेरी’ म्हटली कीं ती हेरेसचीच. एका गांवानें विद्रूप झालेलें आपलें नांव असें परत मिळविलें. नारायणगांवास परत मिळविण्यासारखें नांवच नव्हतें.

नांवानें कंपनी तरली असती असें आमचें म्हणणें नाहीं. इ.स. २००१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें द्राक्षमद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, विंचूर व पलूस येथें त्यासाठीं वसाहती आंखल्या, आणि नाशिककडे भराभर कारखाने उभे राहिले. नारायणगांवच्या कंपनीनें परदेशांतील मद्यकंपन्या विकत घेण्याचा धडाका लावला. इ.स. २००८ ची जागतिक मंदी आली तेव्हां कर्ज डोईजड झालें होतें. पुढें दोन-चार वर्षांत प्रकरण उच्च न्यायालयांत जाऊन कंपनी गुंडाळण्यापर्यंत मजल गेली.

अशा वेळीं बागाईतदाराचें काय होतें तें शहरांत बसून उमगत नाहीं. खाण्याच्या द्राक्षाचें गिऱ्हाईक हटलें तर तें दुसऱ्या बाजारांत जाईल, तेथेंहि भाव पडला तर बेदाणा होईल. मद्याच्या द्राक्षास ही सोय नाहीं. त्याचा मणी बारीक, साल जाड, आंत बिया. तें ना पाटींत शोभतें ना बेदाण्याच्या जाळीवर. त्यास एकच गिऱ्हाईक, आणि तें दार बंद झालें कीं घड वेलावरच राहतात. वेल लावल्यापासून चांगला माल देईपर्यंत तीन-चार वर्षें जातात. तो उपटावयास एक दुपार पुरते. मंदीच्या त्या वर्षांत नाशिक जिल्ह्यांत पुष्कळांनीं मद्याच्या द्राक्षांच्या बागा काढून टाकल्या. हेरेसमध्यें शंभर वर्षांमागची वाइन पिंपाच्या तळाशीं थोडी तरी उरलेली असते. येथें पंचवीस-तीस वर्षांच्या उद्योगाचें विरजणहि शिल्लक राहिलें नाहीं.

आज ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत नारायणगांवाहून जुन्नरकडे किंवा मंचरकडे निघालें तर रस्त्याच्या दोन्ही अंगांस मांडव लागतात. डिंभ्याचें पाणी कालव्यांतून वाहत असतें, बायका काड्या बांधीत असतात, आणि वेल बहुधा खाण्याच्या द्राक्षाचे. काळ्या, लांबट मण्यांचा ‘जंबो’ हा जुन्नरचा सध्यांचा लौकिक. तो पेट्यांत भरून समुद्रापार जातो. पांढऱ्या वाइनचें द्राक्ष कोठें पाहावयास मिळेल असें आम्हीं एका वृद्ध बागाईतदारास विचारलें. त्यांनीं कातर खालीं न ठेवतां मानेनेंच नाशिकचा रस्ता दाखविला.